अखंड करवत

सुताराच्या हातातील करवत पुढे जाते आणि मागे येते. त्यांपैकी एका फेरीत लाकूड कापले जाते. दुसरी फेरी ही केवळ पहिलीची पूर्वतयारी असते. मनुष्याच्या बाहूंची जागा पाणचक्कीने घेतली, पुढे वाफेचे यंत्रही आले. तरीही करवतीची ही ये-जा सुटली नाही. जड चौकट खालीवर हलत राही आणि प्रत्येक टोकाला थांबून उलट फिरे. त्यात शक्तीही जाई आणि वेळही.

यावर उपाय सुचला तो लंडनच्या विल्यम न्यूबेरी यास. दातेरी पोलादी पट्टीची दोन्ही टोके जोडून तिचे कडे करावे, ते दोन चाकांवर ताणून बसवावे आणि चाके फिरवावीत, म्हणजे करवत एकाच दिशेने अखंड धावेल, अशी त्याची कल्पना होती. १८०९ साली तिला ब्रिटिश एकस्व मिळाले. कल्पना इतकी सरळ, की ती आधी कोणाला का सुचली नाही याचेच नवल वाटावे. तथापि पुढील सुमारे चार दशके ती बव्हंशी कागदावरच राहिली.

कारण पट्टी तुटत असे. चाकावर चढताना ती वाकते, उतरताना सरळ होते, आणि प्रत्येक फेऱ्यात हे दोनदा घडते. मिनिटाला शेकडो वेळा वाकणारे पोलाद अखेर थकते. आणि ते प्रथम थकते ते सांध्याशी. तेथे धातू जाड किंवा ठिसूळ झालेला असतो. अडचण यंत्राची नव्हती, दोन टोके जोडण्याची होती.

ती सोडविली पॅरिसच्या आन पोलिन क्रेपँ या स्त्रीने. पट्टीची टोके जोडण्याच्या नव्या पद्धतीसाठी तिने ऑगस्ट १८४६ मध्ये एकस्वाचा अर्ज केला आणि लवकरच तिचा हक्क पेरँ या पॅरिसमधील कारखानदारास विकला. पेरँने या सांध्यास उत्तम पोलाद व पाणी देण्याची सुधारलेली रीत यांची जोड दिली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचे यंत्र लोकांपुढे आले. नक्षीदार फर्निचर घडविणाऱ्या कारागिरांना वळणदार कापासाठी हे यंत्र वरदानच ठरले. पुढे अमेरिकेत फोर्ट वेन येथील जेकब हॉफमन याने १८६९ साली ओंडके चिरण्याच्या मोठ्या पट्टी-करवतीचे एकस्व मिळविले. गोल करवतीपेक्षा पट्टी पातळ, म्हणून भुसा कमी आणि फळ्या अधिक, हा तिचा मोठा गुण होता.

विजेची लहान मोटार आल्यावर हे यंत्र छोट्या कारखान्यातही शिरले. १९३० नंतरच्या दशकात मिलवॉकीच्या डेल्टा कंपनीने चौदा इंची चाकांचे यंत्र रूढ केले, आणि आजही अनेक कारखानदार तोच नमुना गिरवितात.

असे यंत्र निवडू पाहणाऱ्या छोट्या कारागिरास हा इतिहास निरुपयोगी नाही. पहिली गोष्ट चाकाची. पट्टीची जाडी चाकाच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाएवढी असावी, हा जुना ठोकताळा आहे. ३६ इंची चाकावर ०.०३६ इंच जाडीची पट्टी सुखाने फिरते. १४ इंची चाकास ०.०१४ इंचाची शोभते. लहान चाकावर जाड पट्टी चढविली, तर न्यूबेरीच्या काळचेच दुखणे परत येते. दुसरी गोष्ट मापांची. चौदा इंची यंत्रात पट्टीपासून खांबापर्यंत चौदा इंचांहून थोडेच कमी अंतर मिळते, आणि साधारणतः सहा इंच उंचीचे लाकूड त्यात शिरते. जाड लाकडाच्या फळ्या चिरावयाच्या असतील, तर उंचीकडे अगोदर पाहावे. तिसरी गोष्ट रुंदीची. पाव इंची पट्टी सुमारे ⅝ इंच त्रिज्येचे वळण घेते, अर्ध्या इंचीस अडीच इंच त्रिज्या लागते. म्हणून नक्षीसाठी अरुंद आणि सरळ चिरण्यासाठी रुंद, असा हिशेब ठेवावा. रुंद पट्टीस ताणही अधिक लागतो. हलक्या चौकटीचे यंत्र त्या ताणाने वाकते, आणि काप तिरपा जाऊ लागतो. सरळ कापाचे रहस्य मोटारीच्या अश्वशक्तीपेक्षा चौकटीच्या ताठपणात अधिक आहे.

चाकांवरील रबराच्या धावेकडेही पाहावे. ती झिजली की पट्टी घसरते आणि दात बोथट होतात. कामापुरतीच पट्टी उघडी ठेवून वरचा मार्गदर्शक लाकडाजवळ आणावा. त्याने काप सुधारतो आणि बोटेही वाचतात.

न्यूबेरीने करवत अखंड केली ती कल्पनेत. प्रत्यक्षात ती अखंड झाली एका निकोप सांध्यामुळे. तो सांधा घडविणाऱ्या स्त्रीचे नाव सहसा कोणाच्या ओठी नसते. पण पट्टी न तुटता दिवसभर धावते, तेव्हा तिच्या श्रमांचे फळच त्या कारखान्यात फिरत असते.