मलबारचे रान आणि कोचीनचे वैद्य

पावसाळा सरत आला, खाड्यांचे गढूळ पाणी निवळू लागले, म्हणजे आपल्याकडून मलबारच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या प्रवाशांची वर्दळ वाढते. आणि तेथे जाऊन काय करावे असे त्यांच्यापैकी कोणाला विचारले, तर कोचीच्या बंदराच्या तोंडाशी चिनी जाळी पाहावी, वेंबनाडच्या पाण्यात छपराच्या नावेतून एक रात्र काढावी, मग घाट चढून वेलदोड्याच्या मळ्यांतून हिंडावे, असा बहुधा ठरलेला जबाब मिळतो. या साऱ्यांत सुख आहे, यात संशय नाही. परंतु त्या किनाऱ्यावर करण्याजोगी याहून मोठी गोष्ट एक आहे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे, आणि ती म्हणजे समोरच्या झाडाचे नाव तेथल्याच माणसाला विचारणे व तो सांगेल ते नीट ऐकून घेणे. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका डच अंमलदाराने हेच काम इतक्या चिकाटीने केले, की त्यातून बारा खंडांचा एक ग्रंथ निर्माण झाला. आणि त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात आपल्या ओळखीच्या नागरी अक्षरांत कोरलेले एक साक्षीपत्र आहे, ही गोष्ट मराठी वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानी असेल.

हा किनारा म्हणजे पर्जन्याचे माहेर. ज्येष्ठात नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस येथे प्रथम उतरतो, आश्विन-कार्तिकात ईशान्येचा दुसरा पाऊस पुन्हा भेट देतो, आणि कोचीच्या आसपास वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाणी पडते. डोंगरउतारावरील सदाहरित रानात या पाण्यामुळे एका झाडाच्या अंगाखांद्यावर दहा वनस्पतींचा संसार चालतो. खोडाला मिऱ्याचा वेल बिलगलेला, फांद्यांच्या बेचक्यांत आमरी आणि नेचे, सालीवर शेवाळ, अशी जमीन सोडून आकाशात वसलेली दुसरीच सृष्टी तेथे दिसते. या रानातल्या मिऱ्यासाठी रोमन गलबते आली, अरब आले, १४९८ मध्ये वास्को-द-गामा आला. आणि बहुतेकांचे लक्ष मिऱ्याच्या पोत्यावर खिळलेले असल्यामुळे तो वेल ज्या झाडावर चढला होता, त्या झाडाकडे पाहण्यास कोणाला फुरसत झाली नाही.

१६६३ मध्ये डच कंपनीने पोर्तुगिजांकडून कोचीन जिंकून घेतले, आणि काही वर्षांनी मलबारच्या कारभाराची सूत्रे हेन्द्रिक आद्रियान व्हान रेडे या उमराव घराण्यातील सेनाधिकाऱ्याच्या हाती आली. त्याचा हेतू निखळ ज्ञानाचा होता असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. कंपनीचे शिपाई आणि खलाशी तापाने व अतिसाराने मरत. त्यांच्यासाठी युरोपातून येणारी औषधे महाग पडत, प्रवासात नासत, आणि त्यांपैकी कित्येक तर मुळात पूर्वेकडूनच तिकडे गेलेली असत. शिवाय कंपनीचे मुख्य ठाणे सिंहलद्वीपात असावे की मलबारात, यावर त्याचा आणि रिक्लोफ व्हान खून्स या वरिष्ठाचा उभा दावा होता, आणि मलबारची भूमी किती संपन्न आहे हे दाखवून देणे त्याच्या पक्षाला हितकारक होते. तरीही, त्याने स्वतः लिहिलेली प्रस्तावना पाहिली, म्हणजे रानातून जाताना त्याचे डोळे खरोखरच विस्फारले होते, वेलींनी आणि बांडगुळांनी मढलेल्या त्या वृक्षांपुढे तो हिशेब विसरून उभा राहिला होता, याविषयी माझ्या मनात शंका उरत नाही.

प्रारंभी त्याने फादर मॅथ्यू नावाच्या एका इटालियन कार्मेलाइट साधूची मदत घेतली. पण त्या साधूच्या ओझरत्या रेखाटनांवर त्याचे समाधान होईना, आणि तेव्हा त्याने जी पद्धत अंगीकारली ती आजच्या संशोधकानेही अभ्यासावी अशी आहे. तेथल्या वैद्यांकडून त्याने वनस्पतींच्या याद्या करवून घेतल्या. कोणते झाड कोणत्या ऋतूत पालवते, फुलते, फळते, त्या क्रमाने त्या लावून घेतल्या. मग झाडांची पारख असलेल्या माणसांच्या तिघातिघांच्या टोळ्या करून त्या नेमून दिलेल्या रानांत पाठवल्या. ही माणसे उंच शेंड्यांपर्यंत चढून पान, फूल आणि फळ खाली आणीत, आणि ते ताजे असतानाच तीनचार चित्रकार त्याचे हुबेहूब चित्र काढीत. वर्णनाचा मसुदा बहुतेक वेळी खुद्द अंमलदाराच्या समक्ष लिहिला जाई. कोचीनच्या राजानेही या कामास साहाय्य केले.

या साऱ्या उद्योगाचा खरा आधारस्तंभ होता इट्टी अच्युतन. चेर्तलाजवळच्या कडक्करप्पळ्ळी गावचा, कोल्लाट्टु घराण्यातला हा वैद्य ईळव जातीचा होता. माडावर चढणाऱ्या, ताडी काढणाऱ्या या समाजात पिढ्यानपिढ्या चालत आलेली वैद्यकी होती, आणि अच्युतनच्या घरी ताडपत्रांवर लिहिलेले औषधींचे पुस्तक होते. तो मल्याळीत सांगे. इमान्युएल कार्नेरो नावाचा दुभाषी ते पोर्तुगीज भाषेत उतरवी. आणि पुढे त्याचे लॅटिन होई. १६७५ च्या एप्रिलमध्ये अच्युतनने कोलेळुत्तु लिपीत आपली जबानी लिहून दिली, आणि ती जशीच्या तशी कोरून पहिल्या खंडात छापण्यात आली. ज्या काळात तेथील उच्चवर्णीय या समाजाला जवळ उभे करीत नव्हते, त्या काळात त्याचे हस्ताक्षर आम्स्टरडॅमला ताम्रपटावर उमटले, हे स्मरून मन भरून येते.

त्याच्या शेजारीच, त्याच वर्षी, रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तिघा ब्राह्मण वैद्यांनी आपले साक्षीपत्र दिले, आणि ते कोकणी भाषेत, नागरी लिपीत दिले. ही कोकणी मंडळी कोचीनला कशी आली, याची हकीकत गोमंतकाच्या इतिहासाला जोडलेली आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बारदेश आणि साष्टीतील देवळे पाडली, १५६० मध्ये इन्क्विझिशनची कचेरी गोव्यात बसली, तेव्हा शेकडो कुटुंबे देव पाठीशी बांधून दक्षिणेकडे निघाली. काही कारवारास, काही मंगळुरास राहिली, आणि काही थेट कोचीनपर्यंत पोचून राजाच्या आश्रयाने मट्टांचेरीत स्थिरावली. तिरुमल देवस्थान हे आजही त्यांचे केंद्र आहे. अशा निर्वासितांच्या वंशातल्या या वैद्यांजवळ निघंटूंचे पाठांतर होते. एखाद्या वनस्पतीचा गुण कोणी विचारला की ते श्लोक म्हणून दाखवीत, परस्परांशी वाद घालीत, आणि तो वाद किती नम्रतेने चालतो हे पाहून व्हान रेडे चकित झाल्याचे त्याने नमूद करून ठेवले आहे. सकाळ-संध्याकाळ येऊन दोन वर्षे आपण हे काम केले, असे त्या तिघांनी लिहून दिले आहे. ज्ञानाच्या सत्यतेबद्दल दिलेले असे साक्षीपत्र माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

येथे मुद्रणाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन अक्षरांत, आणि केरीचे मराठी व्याकरण नागरी ठशांत निघावयास १८०५ साल उजाडावे लागले. या दोहोंच्या मध्ये, १६७८ मध्ये, कोचीनच्या तिघा वैद्यांची नागरी अक्षरे हॉलंडात छापली गेली होती.

त्या वर्षी सुरू झालेल्या ‘होर्टुस मलाबारिकुस’ या ग्रंथाचा बारावा खंड १६९३ मध्ये निघाला. त्यात सातशेहून अधिक वनस्पती आहेत, आणि त्यांतील कित्येक आपल्या परसदारच्याच आहेत: बहावा, सोनचाफा, सीता अशोक, उंडी, सातवीण, काजरा, फणस. माशाच्या कालवणात मलबारी लोक घालतात ती कुडमपुळी तेथे आहे, जी आपल्या आमसुलाची सख्खी बहीण. पुढे वनस्पतींचे नामकरण करणाऱ्या लिनीयसने १७३७ मध्ये, आपण ज्या मोजक्या ग्रंथकारांवर विसंबतो त्यांत व्हान रेडेचे नाव घेतले; आणि बिलिंबी, पोंगामिया, एलेटारिया ही शास्त्रीय नावे मल्याळी माणसाच्या तोंडून निघून या ग्रंथाच्या वाटेनेच जगभर गेली. बिलिंबीला कोकणात बिमली म्हणतात, पोंगामिया म्हणजे करंज, आणि एलेटारिया म्हणजे घरोघरचा वेलदोडा.

ग्रंथ पुरा झालेला पाहणे व्हान रेडेच्या नशिबी नव्हते. कंपनीचा मुखत्यार म्हणून वखारींची तपासणी करीत तो सुरतेकडे निघाला असता, डिसेंबर १६९१ मध्ये, मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावरच त्याचा अंत झाला. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याचा घुमटाकार भव्य मकबरा आहे. इट्टी अच्युतनची स्मृती कडक्करप्पळ्ळीला त्याच्या घराण्याच्या जागेत दिवा लावून जपली जाते. मूळ लॅटिन ग्रंथ मात्र केरळातल्याच लोकांना वाचता येत नव्हता; के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने आयुष्याची तीन तपे वेचून तो इंग्रजीत आणि मल्याळीत आणला. केरळ विद्यापीठाने २००३ मध्ये इंग्रजी आणि २००८ मध्ये मल्याळी आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा ती नावे ज्यांची होती त्यांच्या घरी परत आली.

पहिला खंड उघडला, की पहिले चित्र माडाचे येते, आणि ते तसेच यावे, इतका तो किनारा माडावर उभा आहे. पण मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या वाचकाने थोडी पाने मागे उलटून साक्षीपत्रांपाशी यावे. मल्याळीच्या वळणदार ओळी संपतात आणि रंगभट, विनायक पंडित, आपू भट यांची अक्षरे सुरू होतात. डच कारागिराचा हात त्या लिपीला सरावलेला नव्हता, म्हणून काने-मात्रा थोड्या अडखळतात. तरी बोट ठेवून, सावकाश, लॅटिनचा एकही शब्द न शिकता, ती वाचता येतात.