छप्पर गेले, भिंती उरल्या : सटन स्कार्सडेल हॉल

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात, चेस्टरफील्ड शहराजवळच्या एका टेकडीवर सटन स्कार्सडेल हॉल या बरोक शैलीतील प्रासादाचा सांगाडा उभा आहे. स्कार्सडेलचे चौथे अर्ल निकोलस लीक यांनी १७२४ ते १७२९ या काळात वॉरविकचे वास्तुरचनाकार फ्रान्सिस स्मिथ यांच्याकडून ही वास्तू उभारून घेतली. स्मिथ यांनी जुने घर पूर्णतः पाडले नाही, तर त्याचा काही भाग पोटात घेऊन नवी रचना केली.

पूर्वेकडील दर्शनी भागावर दोन मजले व्यापणारे कोरिंथियन स्तंभ आणि त्यांवर कोरीव त्रिकोणी शिरोभाग आहे. बाहेरून सारे घडीव दगडाचे. आतून मात्र साधी वीट. ही वीट झाकण्यासाठीच आर्तारी आणि वासाली या इटालियन कारागिरांनी गिलाव्यात नक्षीकाम केले होते. त्याचे तुकडे भिंतींवर अद्याप तग धरून आहेत. छपराविना गिलावा टिकणे इंग्लंडच्या पावसाळी हवेत कठीणच.

या बांधकामाने अर्ल कर्जात बुडाले. १७३६मध्ये त्यांच्या निधनाबरोबर घराण्याची पदवीही लोप पावली. एकोणिसाव्या शतकात ही मालमत्ता सूतगिरण्यांचे जनक रिचर्ड आर्कराइट यांच्या वंशजांकडे आली.

वास्तूचा नाश ना आगीने झाला ना युद्धाने. १९१९मध्ये इस्टेट विक्रीस निघाली, स्थानिक व्यावसायिकांनी ती घेतली आणि सुटे भाग विकण्यास आरंभ केला. १९२०मध्ये छप्पर उतरवण्यात आले. तीन दालने अमेरिकेतील फिलाडेल्फिया कला संग्रहालयात पोहोचली. पाइनच्या लाकडी तक्तपोशीचे एक दालन वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी घेतले होते. पुढे ते पॅरामाउंट स्टुडिओकडे गेले, ‘किटी’ या चित्रपटाच्या सेटसाठी वापरले गेले आणि अखेर कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयात स्थिरावले. इंग्लंडमधील घराची खोली पाहण्यासाठी अटलांटिक ओलांडावा लागावा, हे विचित्रच.

उरलेल्या भिंतीही दगडासाठी पाडल्या जाणार होत्या. १९४६मध्ये साहित्यिक ऑस्बर्ट सिटवेल यांनी अवशेष विकत घेतल्याने ते बेत बारगळले. १९६९मध्ये वास्तू सरकारच्या देखरेखीखाली आली आणि पुढे तिची व्यवस्था ‘इंग्लिश हेरिटेज’कडे गेली. छप्पर मात्र पुन्हा चढवले गेले नाही. जे उरले ते त्याच स्थितीत सावरून धरण्याचे धोरण आहे.