जालन्याची रात्रपाळी आणि शरीराचे घड्याळ

१/ जालना एमआयडीसीत भंगार वितळवून सळई घडते. इंडक्शन भट्ट्यांना वीज अफाट लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उद्योगांना वीजदरात सवलत अनेक वर्षे मिळत होती. त्यामुळे येथे रात्र ही कामाची वेळ ठरली. या पाळीतल्या माणसाच्या झोपेचा आणि लक्षाचा हा इतिहास.

२/ पाळीला उशिरा येणारा किंवा खाडे करणारा माणूस आळशी, असा निवाडा चटकन होतो. परंतु उशीर कोणत्या घड्याळाने मोजायचा, हा प्रश्न महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षे जुना आहे.

३/ १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती. सूर्य तोच राहिला, घड्याळाचे काटे मात्र पुढे सरकले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी या बदलाविरुद्ध काम थांबवले. शहराच्या काही भागांत जुनी वेळ पुढे कित्येक दशके टिकून होती.

४/ प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, जालना सुमारे शहात्तर रेखांशावर. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर जालन्याचा सूर्य आजही घड्याळाच्या सरासरी २६ मिनिटे मागे चालतो.

५/ दुसरा बदल प्रकाशाचा. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्तानंतरही माग चालू राहिले. कामाचा दिवस इतका लांबला की १९११ च्या कायद्याला कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घालावी लागली.

६/ शरीरातही घड्याळ असते. १७२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द मैराँ यांनी अंधारात ठेवलेल्या रोपाची पाने ठरल्या वेळी उघडताना व मिटताना पाहिली. या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश व यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. रोजचा प्रकाश हे घड्याळ लावून देतो. रात्रपाळीत नेमके तेच बिघडते.

७/ एडीएचडी, म्हणजे अवधान न टिकणे, चंचलता आणि उतावळेपणा. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली. दीर्घकाळ हा बालपणीचाच विकार मानला गेला. प्रौढांसाठी निदानाचे निकष अमेरिकन नियमावलीत २०१३ मध्ये सुधारले.

८/ नेदरलँड्समधील सँड्रा कोय आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की एडीएचडी असलेल्या अनेक प्रौढांत रात्रीची चाहूल देणारे मेलाटोनिन सुमारे दीड तास उशिरा स्रवू लागते. २०२१ च्या एका चाचणीत अल्प मात्रेतील मेलाटोनिनने हे घड्याळ अलीकडे आले आणि लक्षणेही काहीशी उतरली. मात्र कारण कोणते व परिणाम कोणता, याचा निकाल अजून लागलेला नाही.

९/ येथे सावधगिरी हवी. अपुरी झोपही विसराळू आणि चिडचिडे करते. म्हणून रात्रपाळीचा शीण हा एडीएचडी नव्हे. निदानासाठी लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. जाणता डॉक्टर दोन प्रश्न विचारतो: शाळेत असताना कसे होते? आणि पाळी नसते तेव्हा झोप आपसूक किती वाजता लागते?

१०/ भट्टीपुढे क्षणभर लक्ष ढळले तर अंग भाजते. फिरती पाळी एकाला कशीबशी सोसते, दुसऱ्याला मुळीच नाही. अशा वेळी हजेरीपुस्तकातील लाल रेघेपेक्षा पाळी बदलून देणे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणे अधिक उपयोगी ठरेल. १९०६ च्या गिरणी कामगारांना आपल्यावर लादलेले घड्याळ दिसत तरी होते. या माणसाचे घड्याळ मेंदूत दडलेले आहे, म्हणून त्याला फक्त दूषणच मिळते.