स्वरांचा उतारा

राहुरीच्या माणसाला 'उतारा' हा शब्द निदान तीन अर्थांनी ठाऊक असतो. तलाठ्याकडून आणायचा तो सातबाराचा. गाळपाच्या हंगामात उसातून किती टक्के साखर निघाली हे सांगणारा दुसरा. आणि शाळेत वहीत उतरवून घ्यायचा तो तिसरा, पुस्तकातला. मुळा धरणाच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या आणि १९६८ सालापासून कृषी विद्यापीठ नांदवणाऱ्या या तालुक्यात मोजमापाचे अप्रूप कोणाला नाही. पण गाण्याचाही उतारा काढता येतो काय? यंत्राने स्वर मोजावा, लिहून काढावा, इतकेच नव्हे तर नवा घडवावा, ही आकांक्षा आज संगणकाच्या नावाने ओळखली जाते. महाराष्ट्रात ती संगणकाहून बरीच जुनी आहे.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. ग्रंथांत सांगितलेल्या श्रुती तारेच्या लांबीच्या गुणोत्तरांत बसवून दाखवायच्या, हा त्यांचा ध्यास होता. गळा अब्दुल करीम खाँसाहेबांचा, गणित देवलांचे आणि पाठबळ ई. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाचे, असा तो योग होता. त्यातूनच श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप झाला. बाजारातल्या पेटीचे बारा समान भाग आपल्या स्वरांना फसवतात, तेव्हा योग्य जागी सूर लावलेली पेटी बनवली की प्रश्न मिटला, असा हा विचार. १९१६ सालच्या बडोद्याच्या संगीत परिषदेत या मंडळींचे म्हणणे चर्चेला आले. भातखंड्यांसारख्या विद्वानांना मात्र ते पटले नाही.

आज मागे वळून पाहताना आम्हाला देवलांच्या आकडेमोडीपेक्षा तिच्या बुडाशी असलेले गृहीतक महत्त्वाचे वाटते. स्वर हा एक बिंदू आहे, त्याला एक पत्ता आहे, आणि गवई त्या पत्त्यावर नेमका पोहोचतो, असे ते गृहीतक. गणेश हरी रानडे यांनी १९३८ साली हिंदुस्थानी संगीताचे भौतिकशास्त्र आणि सौंदर्यशास्त्र एकाच पुस्तकात मांडले, तेव्हा या दोन शास्त्रांचा संसार सोपा नाही हे मराठी अभ्यासकांच्या ध्यानात येऊ लागले होते. पेटीविरुद्धचा पक्ष दरम्यान इतका प्रबळ झाला, की आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केले. ते उघडायला १९७१ साल उजाडले. पुढे १९६३ साली नझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी प्रत्यक्ष गायनवादनाची यांत्रिक मोजणी प्रसिद्ध केली. एकाच रागातला एकच स्वर निरनिराळे कलावंत निरनिराळ्या जागी लावतात, आणि तोच कलावंतही दर वेळी त्याच जागी लावत नाही, असे त्यांना दिसले. पत्ता शोधायला गेलेल्या यंत्राला घरच जागेवर सापडले नाही!

या पार्श्वभूमीवर मुंबईच्या एनसीपीएमध्ये १९८०च्या दशकात जे घडले ते मोलाचे आहे. बर्नार्ड बेल हे फ्रेंच अभियंते. त्यांनी सूक्ष्म अंतराने सूर जुळवता येईल अशी इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी तयार केली आणि पाठोपाठ गळ्याची चाल क्षणाक्षणाने टिपणारे एक यंत्र उभे केले. जिम अर्नोल्ड यांच्यासह त्यांनी लिहिलेला उत्तर भारतीय संगीताच्या वैज्ञानिक अभ्यासावरचा लेख एनसीपीएच्याच त्रैमासिकात १९८३ साली आला. हे यंत्र एका स्वरापाशी थांबत नव्हते. स्वरांमधली वाट रेखाटत होते. मींड कुठून निघाली, कुठे रेंगाळली, आंदोलन किती रुंद झाले, हे कागदावर दिसू लागले. प्रश्नच बदलला. 'गांधार कुठे आहे?' याऐवजी 'गांधारापर्यंत गवई कसा जातो?' असे विचारले जाऊ लागले. विम व्हॅन डेर मेर आणि सुवर्णलता राव यांनी पुढे याच संस्थेतून रागसंगीताच्या स्वयंचलित लेखनाचा प्रकल्प चालवला, तो या बदललेल्या प्रश्नाचाच विस्तार होय.

बेल यांचे दुसरे काम निर्मितीकडे झुकणारे होते. १९८२च्या सुमारास त्यांनी जेम्स किप्पेन यांच्यासह ॲपल टू संगणकासाठी 'बोल प्रोसेसर' रचला. लखनौच्या उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्या कायद्यांवरून नियम बांधायचे, त्या नियमांनी संगणकाकडून नवे पलटे काढून घ्यायचे, आणि ते उस्तादांपुढे ठेवायचे. उस्ताद 'हे चालेल', 'हे आमच्या घराण्याचे नव्हे' असा निवाडा देत. मग नियम सुधारायचे. परीक्षक माणूस आणि परीक्षार्थी यंत्र, ही मांडणी आम्हाला फार शहाणपणाची वाटते. याच प्रणालीची पुढची आवृत्ती वापरून आंद्रेईन बेल यांनी 'क्रोनोस' या नृत्यरचनेचे संगीत सिद्ध केले. १९९४ साली मुंबईत तिचा प्रयोग झाला. त्याआधी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला होता, आणि १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले होते. दोन्ही कामे आपण विसरलो. त्यांची थोरवी अनेक वर्षांनी परदेशांतल्या संग्राहकांनी आणि संशोधकांनी आपल्याला सांगितली. उतारा वेळेवर न काढल्याचा हा परिणाम.

पण या इतिहासातला सर्वांत मोठा उतारा रागदारीचा नाही, जात्याचा आहे. पुण्यात गी पॉइतवॅं आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक बाया आणि एक लाखाहून अधिक ओव्या, असा तो संग्रह झाला. १९९०च्या दशकात बेल या कामात आले. त्यांनी शंभराहून अधिक तास ध्वनिमुद्रण केले आणि ओव्या संगणकावर सूचिबद्ध केल्या. तोवर ओवी म्हणजे साहित्य, असाच आपला रिवाज होता. शब्द छापायचे, चाल सोडून द्यायची. वास्तविक, गाताना 'बाई', 'सखे' अशी संबोधने शिरतात, अर्धी ओळ परत येते, जात्याच्या फेऱ्याबरोबर ती लांबते. छापील दोन ओळी म्हणजे मळणी झालेले दाणे; कणीस ध्वनिफितीत आहे. पॉइतवॅं २००४ साली निवर्तले. २०१७ सालापासून पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'पारी'ने हा संग्रह लोकांपुढे आणायला सुरुवात केली.

आता पवईच्या आयआयटीत प्रीती राव आणि त्यांचे सहकारी तानपुरा, तबला आणि पेटीच्या गलबल्यातून गायकाचा स्वर वेगळा काढतात. बार्सिलोनाच्या विद्यापीठाने २०११ ते २०१७ या काळात चालवलेल्या प्रकल्पात हिंदुस्थानी संगीतही होते. दुसरीकडे, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी घडवलेल्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचे वंशज मोबाइलमध्ये शिरून तालुक्याच्या गावच्या भजनापर्यंत पोहोचले आहेत. सोय मोठीच झाली. मात्र जवारी लावताना, खर्जाच्या तारेतून उमटणारा गांधार कान देऊन शोधताना जे शिक्षण होई, ते बटण दाबून होत नाही. यंत्र आपल्याऐवजी ऐकू लागले की आपण ऐकण्यातून सुटतो, हा धोका देवलांच्या पेटीपासूनचा आहे. उस्तादांना परीक्षक नेमणारी रीत त्यावरचा उतारा होती. हा त्या शब्दाचा चौथा अर्थ!

आणि पहिल्या अर्थाकडे परत येणे आम्हाला भाग आहे. सातबाऱ्यावर किती जमीन आहे इतकेच लिहिलेले नसते. ती कोणाची हेही असते. आज यंत्रे हजारो गळ्यांवरून गाणे शिकत आहेत, आणि त्या गळ्यांची नावे शिकवणीत गळून पडतात. ओव्यांच्या त्या सूचीत प्रत्येक ओवीपुढे गाणारणीचे नाव आणि गाव आहे. मोजणी देवलांपासून सगळ्यांनीच केली. कब्जेदाराचा रकाना इतक्या चोखपणे भरलेला आम्हाला जात्यापाशीच आढळला.