सहा तासांच्या आत

उंदरांचे मेंदू वाचवणाऱ्या एका प्रथिनाची जर्मनीत पक्षाघाताच्या ५२२ रुग्णांवर चाचणी झाली. त्यांतले ६६ दगावले. निकाल २००९मध्ये छापून आला.

पहिली मिनिटं. मेंदूच्या धमनीत गुठळी अडकते. जिथला रक्तपुरवठा पुरता तुटला, तिथल्या पेशींची ऊर्जा काही मिनिटांत संपते. ग्लुटामेट हे रसायन बाहेर पडतं, पेशींत कॅल्शियम शिरतं. हा गाभा गेलाच. भोवतालचा पट्टा मात्र उरल्यासुरल्या रक्तावर तग धरून असतो. सगळी धडपड त्याच्यासाठी.

तिसरा तास. गुठळी विरघळवणारं टीपीए देण्याची तेव्हाची मुदत इथे संपायची. अमेरिकेत हे औषध १९९६पासून मान्य होतं.

सहावा तास. संशोधक ब्राइन्स आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये दाखवलं, की धमनी बंद केल्यावर सहा तासांपर्यंत एरिथ्रोपोएटिन दिलं तरी उंदरांच्या मेंदूची इजा ५० ते ७५ टक्के कमी होते. एरवी हे प्रथिन मूत्रपिंडातून येतं आणि तांबड्या पेशी वाढवतं. २००२मध्ये ग्योटिंगेनच्या हानेलोरे एहरेनराइख यांनी ४० रुग्णांच्या लहान चाचणीचा निकाल छापला. महिन्याभराने औषध मिळालेले रुग्ण जास्त सावरलेले दिसले. आशा खोटी नव्हती.

मोठ्या चाचणीचा नियम ठरला: पहिला डोस सहा तासांच्या आत, ४०,००० युनिट. टीपीए मिळालेल्यांनाही दार उघडं ठेवलं. असे थोडेच असतील, हा अंदाज चुकला. निघाले ६३.४ टक्के.

चोविसावा तास. दुसरे ४०,००० युनिट.

अठ्ठेचाळिसावा तास. तिसरे. कुणाला औषध आणि कुणाला नुसतं द्रावण, हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. मोठ्या पक्षाघातात रुग्ण जातात. एकेका मृत्यूवरून काही कळत नाही.

शेवटी कुणाला काय मिळालं, ती यादी उघडली. औषध मिळालेल्या २५६पैकी ४२ मृत्यू, म्हणजे १६.४ टक्के. न मिळालेल्या २६६पैकी २४, म्हणजे ९ टक्के. धोका विशेषतः टीपीए मिळालेल्यांमध्ये दिसला.

पुन्हा सहावा तास, २०१०, पुन्हा उंदीर. या वेळी एरिथ्रोपोएटिन आणि टीपीए एकत्र दिली. मेंदूतला रक्तस्राव वाढला. हा प्रयोग रुग्णांच्या आधी व्हायला हवा होता.