नकाराचा अधिकार : ब्रिटनमधील पैजेची दुकाने आणि नगरपरिषदा

वर्ष २०१३. पूर्व लंडनमधील न्यूहॅमच्या नगरपरिषदेने पैजेच्या एका नव्या दुकानाला परवाना नाकारला. त्या भागात अशी ८० हून अधिक दुकाने आधीच होती. कंपनी न्यायालयात गेली आणि जिंकली. लोकांनी निवडून दिलेल्या परिषदेला आपल्याच रस्त्यावरील एका दुकानाला 'नाही' का म्हणता आले नाही, हे समजण्यासाठी १६० वर्षे मागे जावे लागते.

१८५३ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये रोख पैजा घेणारी घरे बंद झाली. शर्यतीचे मैदान मात्र मोकळे राहिले, आणि बुकीकडे उधारीचे खाते असणाऱ्या श्रीमंतालाही काही अडचण आली नाही. अडला तो रोख शिलिंग घेऊन येणारा कामगार. तो गल्लीत पैज लावू लागला, तेव्हा १९०६ मध्ये रस्त्यावरील पैजेवरही बंदी आली. तरीही बुकीचे हस्तक कारखान्यांच्या दारांत आणि दारूच्या गुत्त्यांत चिठ्ठ्या गोळा करीतच राहिले. (मुंबई प्रांताच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातील 'सार्वजनिक जुगारगृह' ही कल्पना याच इंग्रजी घडणीची.)

अखेर १९६० मध्ये गृहमंत्री रॅब बटलर यांच्या काळात नवा कायदा झाला आणि १ मे १९६१ रोजी पैजेची कायदेशीर दुकाने उघडली. ती मुद्दाम नीरस ठेवण्यात आली होती. दूरचित्रवाणी नाही, खाणेपिणे नाही, आतले दृश्य बाहेरून दिसू नये अशा काचा. सरकारला पैज चालणार होती, तिचा मोह पसरलेला नको होता.

परवाना देत स्थानिक दंडाधिकाऱ्यांच्या समित्या. त्यांच्या हाती एक साधे पण धारदार हत्यार होते : परिसराची गरज आधीच्या दुकानांनी भागत असेल, तर नवा अर्ज फेटाळता येई. पुढील चार दशके दुकानांची गर्दी आवरून धरण्यात या एका तरतुदीचा वाटा मोठा होता.

२००५ च्या जुगार कायद्याने परवान्याचे काम दंडाधिकाऱ्यांकडून काढून नगरपरिषदांकडे सोपवले. वरकरणी हा लोकशाहीचा विजय. परंतु त्याच कायद्याच्या कलम १५३ ने गरजेची कसोटी रद्द केली आणि परिषदांनी परवानगी देण्याकडेच कल ठेवावा असे बजावले. शिक्का परिषदेचा झाला; नकार मात्र तिच्या हातून जवळजवळ गेला.

याच सुमारास दुकानांत रुलेटसारखे खेळ खेळवणारी यंत्रे आली. दर २० सेकंदांना १०० पौंडांपर्यंत डाव लावता येई. एका दुकानात अशी चारच यंत्रे ठेवण्याची मुभा होती. मग पाचवे यंत्र हवे तर? शेजारी दुसरे दुकान! शिवाय नियोजनाच्या नियमांत पैजेचे दुकान बँकेच्याच वर्गात मोडत असे. बँकेची शाखा उठली की तिथे पैजेची पाटी लावायला वेगळी नियोजन परवानगी लागत नसे.

न्यूहॅमचा युक्तिवाद चतुर होता : या दुकानाची कमाई मुख्यतः यंत्रांतून होणार, म्हणजे ते खऱ्या अर्थाने पैजेचे दुकानच नव्हे. न्यायाधीशांना तो पटला नाही. पुढच्याच वर्षी न्यूहॅमच्या पुढाकाराने ९३ परिषदांनी कमाल डाव २ पौंडांवर आणण्याची मागणी सरकारकडे केली. २०१५ मध्ये इंग्लंडपुरती नियोजनातील पळवाट बुजवण्यात आली. डावाचा प्रश्न मात्र रेंगाळला. अंमलबजावणी लांबवल्याच्या निषेधार्थ क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी २०१८ मध्ये राजीनामा दिला, आणि १ एप्रिल २०१९ रोजी २ पौंडांची मर्यादा लागू झाली. काही महिन्यांतच एका मोठ्या कंपनीने सुमारे ७०० दुकाने बंद करण्याची योजना जाहीर केली.

ही दुकाने हटली ती डाव घटल्यामुळे, परिषदांच्या नकारामुळे नव्हे. एखाद्या भागात दुकानांची किती दाटी झाली आहे हे तपासून निर्णय घेण्याचा अधिकार परिषदांना देण्याचे आश्वासन सरकारच्या २०२३ च्या श्वेतपत्रिकेत आले. पण संसदेला वेळ मिळेल तेव्हा, या अटीवर.