मूल कुणाचे?

परभणीहून जालना लांब नाही. जालन्याजवळची बेथेल ही ख्रिस्ती वसाहत रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवली. बालबाप्तिस्म्याचा अर्थ शोधताना मला मात्र त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत आठवतो.

१८४३ साली नारायण यांनी मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडून बाप्तिस्मा घेतला. सुमारे बारा वर्षांचा श्रीपतही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडील सुप्रीम कोर्टात गेले. मुलगा अज्ञान, म्हणून ताबा त्यांना मिळाला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालाच नव्हता, तरी मिशनऱ्यांकडे जेवल्यामुळे तो जातीबाहेर ठरला. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे आले आणि मुंबईच्या ब्राह्मणसमाजात मोठा वाद पेटला.

स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन परंपरेत ख्रिस्ती आईबापांच्या तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा देतात. आईबापांच्या श्रद्धेमुळे ते मंडळीचे होते. स्वतःच्या विश्वासाची कबुली मोठेपणी देते. म्हणजे इथेही मूल कुणाचे, हे आधी घरावरूनच ठरते. कोर्टाने श्रीपतला वयावरून, जातीने एका पंगतीवरून मोजले. बालबाप्तिस्मा बाळाला आधी आपले म्हणतो आणि त्याच्या होकाराची वाट पाहतो. ती वाट खरोखर पाहिली जाते का, यावरच त्याचा अर्थ टिकतो, असे मला वाटते.